'शे'चं पान

"आत्या, ह्या रिकाम्या जागेत काय भरू गं?"

परातीत कणीक मळता मळता दिपमालानं मान वर केली. ओट्यापलीकडे जेवणाच्या टेबलाशी मित्रा, तिच्या भावाची अकरा वर्षांची लेक, पाय हलवत बसली होती. पुढ्यात गुळगुळीत कागदाचं पुस्तक होतं. 'प्रशील सरांचं सोपं इंग्रजी'. कव्हरवर तिचा भाऊ प्रशील कोट घालून, हाताची घडी घालून हसत होता. धुळ्यात देवपुरापासून बायपासपर्यंत विजेच्या खांबाखांबावर तो असाच हसतो.

"वाच बघू."

"सातव्या धड्यात आहे. माय सिस्टर, मग रिकामी जागा, मग इंग्लिश. आय टीच हर. आणि कंसात दिलंय 'नॉट नो'. के-एन-ओ-डब्ल्यूवालं नो."

दिपमालाचे हात कणकेत रुतले ते रुतलेच. माझ्या बहिणीला इंग्रजी येत नाही... मी तिला शिकवतो! छातीत कुणी तापलेली सांडशी फिरवावी तशी ती दोन वाक्यं आत शिरली. कारण ती वाक्यं तिचीच होती. तिनंच लिहिली होती, बावीस वर्षांपूर्वी, मिरचीनं भाजलेल्या बोटांनी! फक्त तिनं लिहिलं होतं ते असं: माय सिस्टर डझ नॉट गो टु स्कूल. शी टीचेस मी इंग्लिश. माझी बहीण शाळेत जात नाही. ती मला इंग्रजी शिकवते. भावानं दोन-चार शब्द इकडचे तिकडे केले होते. एवढ्यानंच गुरूचा गाढव झाला होता.

"आत्या? सांग ना."

"डझ नॉट नो," ती म्हणाली. स्वतःच्याच अपमानाचं व्याकरण तिनं स्वतःच्याच तोंडानं दुरुस्त केलं. "सिस्टर एकच आहे ना, म्हणून 'डझ'. आणि 'डझ' आलं की 'नो'ला एस लावायचा नाही."

मित्रा डोळे मोठे करून बघत राहिली. "तुला येतं? पप्पा तर म्हणतात..."

"काय म्हणतात?"

मित्रानं जीभ चावली. तेवढ्यात आतल्या खोलीतून सपनाचा, भावजयीचा आवाज आला. कमरेच्या ऑपरेशननंतर ती पट्टा बांधून पडून होती, आणि तिच्यासाठीच दिपमाला पंधरा दिवस गावाहून येऊन राहिली होती. "अक्का, दुपारची गोळी द्या ना. लांबट पाकिटातली... राहू द्या, तुम्हाला नाव वाचता यायचं नाही. मित्रा, तू दे गं."

सपनाच्या मनात कपट नव्हतं. नवऱ्यानं सांगितलं ते तिनं मानलं, एवढंच. कपट कुठं होतं ते दिपमालाला आत्ता, ह्या क्षणी कळलं होतं.

त्यांचं गाव नरडाण्यापासून कोसभर. बाप चिंधा बैसाणे स्टेशनावर हमाल होता. दिपमाला दहावीला इंग्रजीत शंभरात ब्याऐंशी मिळवून शाळेत पहिली आली, आणि त्याच महिन्यात सिमेंटच्या गोणीखाली बापाची कंबर कायमची गेली. मायला दम्यानं धरलेलं. घरात दोन लेकरं आणि दोघांपैकी एकालाच शिकवता येईल एवढीच ऐपत. एकालाच म्हणजे कुणाला, हे आपल्याकडे विचारावं लागत नाही! दिपमाला दोंडाईच्याला मिरचीच्या पथारीवर जायला लागली. एकराएकरांवर लाल मिरची वाळत पडलेली, आणि बायांनी दिवसभर बसून देठं खुडायची. संध्याकाळी हात असे पेटायचे की माठाला लावले तर माठ तापावा. चुकून डोळ्याला बोट लागलं तर तास तास डोळा उघडत नसे. लोक म्हणायचे, पोरगी रडते. ती म्हणायची, मिरची आहे. आणि त्या मिरचीआड ती खरोखरच किती वेळा रडली, ते कुणी मोजलं नाही.

तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान प्रशील दहावीच्या सहामाहीला इंग्रजीत नापास झाला. तेरा गुण. त्यानं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, 'माय फादर शे अ हमाल. माय मदर शे इल.' गुरुजींनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं, सगळा वर्ग हसून लोळला, आणि पोरगं घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलं. "अक्का, माले नही जमस. मी हमालीले जास."

तेव्हा दिपमालानं दुखऱ्या हातांनी दोनशे पानी वही उघडली. तिला ती चूक दिसली जी गुरुजींना दिसली नव्हती. खान्देशातलं लेकरू 'आहे'ला 'शे' म्हणतं. बाप वावरमा शे, माय घरमा शे. आणि इंग्रजी पुस्तकात त्याला एस-एच-ई दिसलं की ते 'शे' वाचतं आणि म्हणतं, अरे, हा तर आपलाच! ते मूर्ख नसतं. ते परक्या घरात आपलं माणूस शोधत असतं... तिनं पहिलंच पान त्या 'शे'चं लिहिलं. मग पुढची चारशे वाक्यं, सगळी गावातली. ॲपल नाही, ऑर्चर्ड नाही, लंडनचा पूल तर नाहीच. पाण्याचा टँकर होता. द टँकर हॅज कम, म्हणजे आलाय, अजून उभा आहे, हंडा घेऊन पळ! द टँकर केम, म्हणजे येऊन गेला, आता बस बोंबलत. प्रशील हसत सुटला होता आणि 'हॅज' त्याच्या डोक्यात जन्मभरासाठी बसला होता. बोर्डाच्या परीक्षेला एकाहत्तर गुण मिळाले. मग धुळ्याचं कॉलेज, बी.एड., क्लास, बंगला, कोट.

दिपमालाला स्थळं आली. "भावाचं बी.एड. होऊ द्या," ती म्हणाली. मग, "त्याचं लग्न होऊ द्या." मग स्थळं येईनाशी झाली आणि काही म्हणावंच लागलं नाही.

तिला काय हवं होतं? बंगल्यात खोली नको होती, लुगडं-चोळी नको होती. एकदा, चारचौघांत, त्यानं एवढंच म्हणावं: ही माझी बहीण दिपमाला, हिनं मला शिकवलं. एवढ्या एका वाक्यासाठी ती बावीस वर्षं कान लावून बसली होती... आणि वाक्य छापून आलं ते हे!

संध्याकाळी प्रशील क्लासवरून आला. चहा घेता घेता लाडात म्हणाला, "अक्का, ती दुसरी वही कुठे आहे गं? मी पास झालो तेव्हा म्हणाली होतीस ना, कॉलेजसाठी दुसरी लिहिते म्हणून? भाग दुसरा काढतोय. माझ्याकडून तसली वाक्यं होत नाहीत. लिहायला बसलं की सगळी आपली राम गोज टु मार्केट!"

म्हणजे सपनाची कंबर हे निमित्त होतं. बोलावणं वहीला होतं.

"'शे'चं पान का काढलंस?" तिनं विचारलं.

"कोणतं? हां, ते! अगं, इंग्रजीच्या पुस्तकात अहिराणी घालतात का? लोक हसतील. सर कुठल्या खेड्यातले म्हणून विचारतील."

"आणि सातव्या धड्यातली बहीण?"

प्रशीलचा कप बशीवर किंचित वाजला. पण तो बनेल झाला होता. "ते काल्पनिक असतं अक्का. उदाहरण असतं. तू कशाला मनाला लावून घेतेस?" आणि लगेच, "उद्या रविवार, माझ्यासोबत चल. शिरपूरकडची मोठी संस्था आहे, बावीस शाळा आहेत त्यांच्या. त्यांच्या खेड्यातल्या पोरांवर पुस्तक शिकवून दाखवायचं आहे. पसंत पडलं तर बावीसही शाळांत लागेल. कागद वाटायला, पाणी-बिणी द्यायला माणूस नाहीये गं."

चौदा एप्रिलला दरवर्षी स्टेजवरून 'शिका' म्हणून घसा फोडणारा हा माणूस! ज्या बहिणीनं त्याला शिकवलं तिला तो पाणी वाटायला नेत होता. तरी ती गेली. का गेली? वेडी आशा, दुसरं काय... इतक्या लोकांपुढे तरी एकदा म्हणेल!

शाळेच्या हॉलमध्ये खाली सतरंजीवर वीस मुलं, समोर खुर्च्यांवर मास्तर मंडळी आणि मधोमध संस्थेचे चालक अमृतनाना, पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. सुट्टी म्हणून मित्राही आली होती आणि एका कडेला बसली होती. दिपमालानं कागद वाटले. प्रशीलनं फळ्यावर लिहिलं, 'माय फादर, रिकामी जागा, अ फार्मर', आणि तशीच पाच वाक्यं. पाच मिनिटांनी कागद गोळा झाले. प्रशीलनं वरचा उचलला, दुसरा उचलला, तिसरा... त्याच्या कानशिलावर घाम आला. वीसपैकी सतरा कागदांवर एस-एच-ई! माय फादर शे अ फार्मर. माय स्कूल शे बिग. माय ग्रँडमदर शे इल.

त्याला हसून वेळ मारून न्यायची होती. "ही रोशनी कोण? उभी राहा. आजी 'शी' इल? अगं, 'आजी' म्हटल्यावर परत 'ती' कशाला? आजी एक आहे की दोन? बापालाही 'शी' केलंस! बाप काय साडी नेसतो का तुझा?"

मास्तर मंडळी हसली. पोरं हसली, ज्यांनी तेच लिहिलं होतं तीही हसली. दहा वर्षांच्या, तेल चोपडून वेणी घातलेल्या रोशनीच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. अमृतनाना हसले नाहीत. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एवढंच.

आणि दिपमालाला पोरगी दिसेनाशी झाली... भिंतीकडे तोंड करून झोपलेला एक पोरगा दिसला. अरे नतद्रष्टा! तू हसतोस? तू?

पाण्याचा जग खाली ठेवून ती सरळ पुढे गेली. रोशनीच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको बेटा. तुनी चूक नही शे. तुना बाप कोठे शे?"

"वावरमा शे," पोरगी मुसमुसत म्हणाली.

"आनि आजी?"

"घर शे. बिमार शे."

"हां! आपलं 'शे' खरं शे, भलतं गोड शे. ते तोंडमा ठेवानं. पन कागदवर त्याना इंग्रजी भाऊ लिखाना, त्यानं नाव 'इज'. आनि हाई जे एस-एच-ई शे ना, ते आपलं 'शे' नही. ते 'शी' शे. 'शी' म्हंजे ती. बाईमानूस! आते सांग, तुना बाप बाईमानूस शे का?"

रोशनी रडता रडता फसकन हसली. "नही!"

"मग बापले काय लावशी?"

"इज!" एकट्या रोशनीचा नाही, वीसही पोरांचा आवाज हॉलच्या पत्र्यावर आदळला. तिनं खडू घेतला, पोरं ओरडत गेली, ती लिहीत गेली. दहा मिनिटांत एकाही ओळीत चूक उरली नाही.

अमृतनाना काठी टेकत उठले. "वा! चाळीस वरीस शाळा चालाडी मी, पन हाई चूक कोठून येस ते आज समजनं. सर, ह्या कोन शेतस?"

हाच तो क्षण! दिपमालानं खडू खाली ठेवला. सगळा हॉल प्रशीलकडे बघत होता. त्याची नजर तिच्या सुती साडीवर गेली, तळहातांवरच्या चिरांवर गेली, मास्तरांच्या इस्त्रीच्या शर्टांवर गेली. ओठ हलले.

"या... आमच्या घरच्या बाई आहेत."

घरच्या बाई! झाडू मारते ती, भांडी घासते ती! बावीस वर्षांचं वाक्य अखेर चारचौघांत उच्चारलं गेलं होतं, आणि ते असं होतं!

पण देव नाही, नियती नाही, आपली मराठीच त्या दिवशी दिपमालाच्या बाजूनं उभी राहिली. अमृतनानांचा चेहरा उजळला. "बाई! मी म्हनतच होतो! अशा बाई प्रत्येक शाळेले पाहिजेत. कोन्ती शाळामा शेतस बाई तुम्ही?"

प्रशीलचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं डोळ्यांनी तिला विनवलं. तिच्या ओठांवर ते वाक्य आलं होतं, अगदी दातांपाशी: मी ह्याची सख्खी बहीण, आणि हे पुस्तक माझं आहे! एवढं म्हटलं असतं की कोट, क्लास, खांबांवरचे फोटो, सगळं त्याच सतरंजीवर कोसळलं असतं. तिनं कडेला बघितलं. मित्रा बापाकडे एकटक बघत होती... त्या लेकराच्या देखत बाप उघडा पाडायचा? ज्याला उभा करायला तरुणपण जाळलं, त्याला चारचौघांत आडवा करायचा? कडू घोट गिळतात तसं तिनं ते वाक्य गिळलं.

"शाळा नाही नाना. घरीच शिकवत होते. एकच विद्यार्थी होता."

"पास झाला का मग?"

"झाला," दिपमाला प्रशीलकडे न बघता म्हणाली. "व्याकरणात झाला."

नाना खळखळून हसले. सगळे हसले. एकटा प्रशील हसला नाही. आणि नानांनी तिथल्या तिथे सांगितलं, "सर, पुस्तक आमले पसंत शे. पन आते बाईसनी जे 'शे' शिकाडं, त्यानं पान पहिले छापा. ते नही तर पुस्तक नही."

घरी आल्यावर चपला काढता काढता मित्रानं विचारलं, "पप्पा, तुम्ही आत्याला बाई म्हणालात, ती कोणती बाई? आपल्या भांडीवाल्या सुमनबाईंसारखी, की आमच्या वर्गाच्या बाईंसारखी?"

कुणी थोबाडीत मारली असती तरी प्रशील इतका हलला नसता. सपना पट्टा सावरत दारापर्यंत आली. "काय झालं? अक्कांना बाई...?"

"आत्यानं सगळ्यांना इंग्रजी शिकवलं, मम्मी! पप्पांना जमलं नाही ते!"

"पण तुम्ही तर सांगितलं होतं, अक्का दुसरी शिकल्यात..." सपनाचा आवाज चिरकला. लांबट पाकिटाची ती गोळी तिला आठवली असावी. तिनं दिपमालाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

प्रशील खुर्चीत बसला. मग घाईघाईनं बोलायला लागला, जसं बोलणं थांबलं तर काही तरी अंगावर येईल. "चुकलं माझं अक्का. मी तुझं नाव टाकतो. शपथ! ऋणनिर्देशात टाकतो. दुसऱ्या भागातही टाकतो. तू फक्त ती वही दे."

"ऋणनिर्देशात!" दिपमाला हसली, आणि ते हसू रडण्यापेक्षा वाईट होतं. "कागद पुरवणाऱ्याच्या नावाच्या वर की खाली? दुसरी वही पाहिजे तुला? ऐक. दुसरी वही नाहीच. आणली होती मी, कोरी होती, दोनशे पानी. तू होस्टेलवरून पहिल्या सुट्टीला मित्र घेऊन आलास आणि मला चुलीपाशी येऊन म्हणालास, 'अक्का, त्याच्यासमोर इंग्रजी बोलू नको, तुझे उच्चार गावंढळ आहेत.' आठवतं? मी बोलले नाही. त्याला मुकाट्यानं भाकरी वाढली. आणि वही पाट्यामागं टाकली. कुणासाठी लिहू रे? चारशे वाक्यं मी इंग्रजीच्या प्रेमानं नव्हती लिहिली... भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या एका पोरासाठी लिहिली होती. ते पोरगं उठून बसलं आणि माझीच लाज धरायला लागलं!"

प्रशील खुर्चीवरून सरकला, फरशीवर आला. ज्या बोलीला त्यानं वीस वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं ती त्याच्या तोंडातून उन्मळून बाहेर पडली. "माले माफ कर व अक्का! माले तुनी नही, मनी लाज वाटे... तू दिसनी का माले ती हमाली दिसे, ती मिरची दिसे... मी निस्ता लांब लांब पयत ऱ्हायनू व..."

मित्रानं बापाला अहिराणी बोलताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ती सपनाला जाऊन बिलगली.

दिपमालाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. भावाच्या डोक्यावर ठेवायला तिचा हात उठलाही, आणि अर्ध्यावरच थांबला. माया होती. पण मायेनं आजवर जे जे झाकलं त्याचंच हे पुस्तक झालं होतं!

"ऊठ," ती म्हणाली. "घरात, दार लावून कुणीही माफी मागतं. त्याला काही लागत नाही. वर बस. कागद घे."

त्यानं नाक पुसलं, कागद घेतला. शाळकरी पोरासारखा ताठ बसला.

"सातव्या धड्यातलं ते वाक्य मी सांगणार नाही. ते तू खोटं केलंस, तूच खरं कर. दुसऱ्या भागाची वाक्यं मी सांगेन, तू लिहून घे. पण आधी पहिलं पान. तुझा फोटो काढ. वर पुस्तकाचं नाव. त्याच्याखाली इंग्रजीत लिही, बाय... आणि कुणाचं आहे ते लिही."

प्रशीलनं पेन टेकवलं. वर न बघता, भराभर त्यानं लिहिलं, मग कागद तिच्याकडे सरकवला आणि गुन्हेगारासारखा तोंडाकडे बघत राहिला. दिपमाला चिंधा बैसाणे. इंग्रजीत, स्वतःचं नाव, दुसऱ्याच्या हातचं, ती पहिल्यांदाच बघत होती. तिनं डोळे पुसले. पदरानं परत पुसले. नीट वाकून वाचलं, आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

"डी कॅपिटल कर," दिपमाला म्हणाली. "माणसाचं नाव आहे."